तारेच्या रंगावर जाऊ नका!

मित्रांनो, खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आमच्या निगडीच्या सोसायटीत काय गडबड असते म्हणून सांगू! प्रत्येक नळाला पाइप, पाइपाच्या टोकाला गाडी, आणि गाडीभोवती बादल्या-फडकी घेतलेली दोन-चार मुलं. साहजिकच आहे. पिंपरी-चिंचवड म्हणजे गाड्यांचंच गाव! १९६० च्या दशकात आकुर्डीला बजाजच्या स्कूटर बनू लागल्या, त्याच दशकात टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, इथे आली. पुढे २००९ साली चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने सुरू झाले. घरटी एक माणूस कुठल्या ना कुठल्या गाडीचा कुठला ना कुठला भाग बनवत असतो. मग शस्त्रपूजेला पाने, पक्कड आणि गाडी यांचा मान पहिला!

तर त्या दिवशी दुपारी आमच्या शेजारचा नववीतला दोस्त चेहरा पाडून दारात उभा.

“काका, एलईडीची पट्टी खराब निघाली. आणि पप्पांच्या गाडीतलं मोबाइल चार्जिंगपण गेलं. ठिणगी उडाली. पप्पा रात्रपाळी करून झोपलेत. त्यांना अजून माहीत नाही.”

“हाताला भाजलं नाही ना?” मी आधी तेच विचारलं.

“नाही.”

“मग बस. पाणी पी. आणि पहिल्यापासून सांग.”

हकिकत अशी. पप्पांना खंडेनवमीला चकित करायचं म्हणून या पठ्ठ्यानं साठवलेल्या पैशांतून निळ्या एलईडी दिव्यांची अर्धा मीटर पट्टी आणली. पुढच्या सीटखाली, पायांपाशी लावायची. पट्टीला दोन तारा, लाल आणि काळी. चार्जरच्या सॉकेटमागेही त्याला तारा सापडल्या. त्यातली एक तपकिरी. आता घरातल्या इस्त्रीच्या, मिक्सरच्या वायरमध्ये तपकिरी तार म्हणजे ‘फेज’, जिवंत तार. हे त्याला चांगलं पाठ होतं. म्हणून पट्टीची लाल तार त्यानं तपकिरीला जोडली आणि काळी तार गाडीच्या बॉडीच्या बोल्टला. दिवे पेटेनात! तारांची अदलाबदल केली. तरी पेटेनात. मग वैतागून सॉकेटची दुसरी तार ओढली, तिचं उघडं टोक पत्र्याला लागलं आणि... टच्! ठिणगी!

मित्रांनो, तुम्ही सांगा, चूक कुठे झाली? सांगता येत नसेल तर हरकत नाही. आपण क्रमानं जाऊ.

सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह

सायकलच्या ट्यूबमध्ये पंपानं हवा आत जाते, पण व्हॉल्व्हमुळे परत बाहेर येत नाही. एलईडी हा विजेचा असाच व्हॉल्व्ह आहे. एका बाजूनं वीज जाऊ देतो आणि जाता जाता प्रकाश देतो. उलट बाजूनं आली तर वाट बंद! जुन्या गोळ्याच्या दिव्याचं तसं नव्हतं. त्यातली बारीक तार तापून चमकायची, वीज इकडून येवो की तिकडून. त्याला ना प्लस कळे, ना मायनस.

आणखी एक गंमत. पंप हलकेच दाबला तर व्हॉल्व्ह उघडत नाही, थोडा जोर लावावा लागतो. एलईडीलाही असा जोर लागतो. लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट, निळ्या किंवा पांढऱ्याला साधारण ३ व्होल्ट. डोळ्यांना दिसणारा लाल प्रकाश देणारा एलईडी निक होलोन्याक या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९६२ साली बनवला. पण झगझगीत निळा एलईडी बनायला १९९० चं दशक उजाडावं लागलं. तो बनवणाऱ्या इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. आपल्या दोस्ताच्या हातातली निळी पट्टी म्हणजे नोबेलचंच शेपूट म्हणा ना!

आधी घरी, टेबलावर

मी त्याला म्हटलं, “गाडीकडे नंतर जाऊ. आधी टेबलावर.” तुम्हीही हेच करून पाहा.

सामान : दोन पेन्सिल सेल, एक लाल एलईडी, १०० ओहमचा एक रेझिस्टर आणि थोडी वायर. इलेक्ट्रॉनिक्सच्या कोणत्याही दुकानात हे सामान थोडक्या पैशांत मिळतं. पुण्याची तपकीर गल्ली तर यासाठी प्रसिद्धच आहे. पिंपरीहून मेट्रोनं मंडईला उतरलात की तिथून चालत जाता येतं.

एलईडी हातात घेऊन नीट बघा. एक पाय लांब, एक आखूड. लांब पाय प्लसचा, आखूड पाय मायनसचा. पाय कापलेले असतील तर टोपीच्या कडेवरून बोट फिरवा. जिथे कड चपटी लागते ती मायनसची बाजू.

आता दोन सेल एकापुढे एक ठेवा. झाले ३ व्होल्ट. सेलचा प्लस, मग रेझिस्टर, मग एलईडीचा लांब पाय, आखूड पायाकडून परत सेलचा मायनस. पेटला ना? आता एलईडी फिरवून उलटा लावा. विझला! तो बिघडला नाही. पुन्हा सुलटा करा, पुन्हा पेटेल.

रेझिस्टर कशाला? एलईडीचा दरवाजा एकदा उघडला की तो वीज आवरत नाही, भसाभसा येऊ देतो आणि जळून जातो. रेझिस्टर म्हणजे दारावरचा शिपाई. ३ व्होल्टमधले २ एलईडीनं घेतले, उरला १. त्याला १०० नं भागा. ०.०१ अँपिअर, म्हणजे १० मिलिअँपिअर. एवढी वीज एलईडीला सहज मानवते.

गाडीतलं गणित

गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. दोस्ताच्या पट्टीवर दर तीन एलईडींनंतर कात्रीची खूण होती. का बरं तीनच? प्रत्येक निळा एलईडी ३ व्होल्ट घेतो. तिघांचे झाले ९. उरलेले ३ व्होल्ट रेझिस्टरच्या वाट्याला. समजा रेझिस्टर १५० ओहमचा आहे. ३ भागिले १५० म्हणजे २० मिलिअँपिअर. छान!

पण थांबा. इंजिन सुरू झालं की गाडी बॅटरी चार्ज करू लागते आणि व्होल्टेज १४ च्या आसपास जातं. एलईडी आपले ९ च घेणार. रेझिस्टरवर आता ३ ऐवजी ५ व्होल्ट. ५ भागिले १५० म्हणजे ३३ मिलिअँपिअर! व्होल्टेज थोडंच वाढलं, पण वीज दीडपटीहून जास्त झाली. म्हणून गाडीसाठी दिवे निवडताना हिशोब १४ व्होल्टचा करायचा. ५ भागिले २५० म्हणजे पुन्हा २० मिलिअँपिअर. घरी १२ व्होल्टवर छान चालणारी पट्टी गाडीत लवकर का दगावते, ते यावरून कळेल.

आणि पट्टी उलटी जोडली तर? १२ व्होल्ट तिघांत वाटले जातात, प्रत्येकाच्या वाट्याला ४. एलईडी साधारण ५ व्होल्टपर्यंत उलटा जोर सोसतो. म्हणून अशी पट्टी उलटी लागली तर पेटत नाही, पण बहुधा वाचते. मात्र हे नशीब प्रत्येक वस्तूचं नसतं हं! उलटा जोडलेला कॅमेरा किंवा चार्जर कायमचा जाऊ शकतो.

तपकिरीचं गौडबंगाल

आता दोस्ताच्या चुकीकडे येऊ. घरात प्रत्येक दिव्याला दोन तारा जातात. गाडीत बहुतेक ठिकाणी एकच तार जाते, कारण परतीचं काम गाडीचा लोखंडी सांगाडाच करतो. बॅटरीचा मायनस या सांगाड्याला जोडलेला असतो. मेकॅनिक याला ‘बॉडी अर्थ’ म्हणतात. जिथे धातू लागेल तिथे मायनस! सोयही तीच आणि धोकाही तोच. प्लसची उघडी तार पत्र्याला टेकली की मध्ये दिवा नाही, रेझिस्टर नाही, सरळ शॉर्ट. दोस्ताची ठिणगी ती हीच.

आणि तपकिरी तार? पप्पांची गाडी होती जर्मन पद्धतीची. जर्मन गाड्यांत तपकिरी तार म्हणजे बॉडी अर्थ, म्हणजे मायनस! घरच्या मिक्सरमधली तपकिरी जिवंत, या गाडीतली तपकिरी मायनस. जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या लुकास पद्धतीत तर तपकिरी तार थेट बॅटरीच्या प्लसवरून यायची. एकच रंग, आणि देश बदलला की अर्थ बरोब्बर उलटा. एवढंच नव्हे, १९६० च्या दशकापर्यंत कित्येक ब्रिटिश गाड्यांत बॉडीला मायनस नव्हे, प्लस जोडलेला असे!

म्हणजे आपल्या दोस्तानं पट्टीची दोन्ही टोकं मायनसलाच जोडली होती. मायनसकडून मायनसकडे वीज जाणार कशी? अदलाबदल करूनही काय होणार?

जोडीतला तपासनीस

मग खरं-खोटं करायचं कसं? यासाठी आम्ही एक छोटंसं यंत्र बनवलं. तुम्हीही बनवा. एक लाल एलईडी, एक हिरवा एलईडी, १ किलोओहमचा एक रेझिस्टर (त्यावरचे पट्टे तपकिरी, काळा, लाल) आणि लाल नि काळी अशा दोन वायरी.

लाल वायरीला रेझिस्टर जोडा. रेझिस्टरच्या दुसऱ्या टोकाला लाल एलईडीचा लांब पाय आणि हिरव्याचा आखूड पाय, असे दोन्ही एकत्र जोडा. उरलेले दोन पाय एकमेकांना आणि काळ्या वायरीला जोडा. झालं! दोन्ही एलईडी शेजारी शेजारी, पण तोंडं विरुद्ध दिशांना. सांधे टेपनं गुंडाळा आणि सगळं एका रिकाम्या स्केचपेनच्या नळीत बसवा.

लाल वायरीचं टोक प्लसवर असेल तर लाल दिवा पेटेल. मायनसवर असेल तर हिरवा. कुठलाच नाही पेटला, तर दोन्ही टोकं एकाच बाजूची आहेत किंवा तिथे वीजच नाही. गाडीच्या १२ व्होल्टवर यातून साधारण १० मिलिअँपिअर जातात. शिवाय हे दोघे एकमेकांना सांभाळतात. एक पेटला की दुसऱ्यावर जेमतेम २ व्होल्ट उलटा जोर येतो. जोडीचा फायदा!

आधी ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर तपासून घ्या. त्या बॅटरीचं लहान गोल बटण प्लसचं आणि मोठं, फुलासारखं मायनसचं. पण लक्षात ठेवा : हा तपासनीस फक्त सेल, ९ व्होल्टची बॅटरी आणि मोठ्यांच्या देखत गाडीची १२ व्होल्ट, एवढ्यासाठीच. घरातल्या भिंतीच्या सॉकेटमध्ये तो कधीही, कधीही घालायचा नाही. तिथे २३० व्होल्ट असतात. जिवावर बेतेल.

तपासनीस तयार झाला. दोस्ताला म्हटलं, “त्या ९ व्होल्टच्या बॅटरीवरच तुझी पट्टीही बघ. अंधूक पेटेल, पण पेटेल.” त्यानं लाल तार प्लसला, काळी मायनसला लावली. काहीच नाही! उलटी लावली, आणि निळा उजेड पडला. नीट पाहिलं तर पट्टीवर बारीक अक्षरात + आणि − छापलं होतं, पण लाल तार − वर डाग दिलेली होती आणि काळी + वर. म्हणजे चुका दोन होत्या आणि एकीच्या मागे दुसरी लपली होती. पट्टी मात्र ठणठणीत!

पप्पा उठल्यावर

“आता?” दोस्तानं विचारलं.

“आता पप्पा उठायची वाट बघायची. आणि त्यांना सगळं सांगायचं. ठिणगीसुद्धा.”

हे काम सगळ्यांत अवघड होतं. पण त्यानं केलं. मीही सोबत गेलो. पप्पांनी ऐकून घेतलं, चहाचा कप खाली ठेवला आणि पहिलं काय केलं असेल? फ्यूजची पेटी उघडली. निळा फ्यूज उडाला होता. निळा म्हणजे १५ अँपिअरचा. (लाल १० चा, पिवळा २० चा, हिरवा ३० चा.) ते म्हणाले, “हा उडाला म्हणून वायर वाचली. हा नसता तर गाडी पेटली असती.”

मित्रांनो, ते अजिबात वाढवून सांगत नव्हते. गाडीची बॅटरी शॉर्ट झाली तर क्षणात शेकडो अँपिअर देऊ शकते. तार लाल होते, आवरण पेटतं. म्हणूनच उडालेल्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज, तार किंवा चांदी घालणं म्हणजे पहारेकऱ्याला झोपेची गोळी देणं. पप्पांनी १५ चाच नवा फ्यूज बसवला. चार्जिंग पुन्हा सुरू!

मग तपासनीसाची परीक्षा झाली. काळं टोक बॉडीच्या बोल्टवर, लाल टोक तपकिरी तारेवर. काहीच नाही. लाल टोक दुसऱ्या तारेवर. लाल दिवा पेटला! दोस्ताचा चेहरा त्या दिव्यापेक्षा जास्त उजळला.

पुढची जोडणी पप्पांनी केली. त्यांची पद्धत अशी. किल्ली काढली. बॅटरीची मायनसची तार आधी सोडवली. मायनस आधी का? कारण प्लसचा नट सोडवताना पाना चुकून पत्र्याला लागला तर शॉर्ट होतो. मायनस आधीच सुटलेला असला तर ती भीती नाही. पट्टीच्या तारेत, प्लसच्या अगदी जवळ, १ अँपिअरचा वेगळा फ्यूज घातला. पट्टीला लागणार जेमतेम ०.२ अँपिअर. मग तिच्यासाठी १५ अँपिअरचा पहारा काय कामाचा? तारा पेडलपासून लांब बांधल्या. आणि स्टिअरिंगजवळ, डॅशबोर्डखाली पिवळ्या आवरणातल्या तारा दिसल्या तेव्हा म्हणाले, “यांना हात नाही लावायचा. एअरबॅगच्या आहेत.”

बघा हं, गंमत आहे. रंग बघून तार जोडायची नाही. पण पिवळा रंग बघून हात मागे मात्र जरूर घ्यायचा!

आणखी एक नियम त्यांनी घातला. हे दिवे फक्त गाडी उभी असताना, आणि फक्त आत. रात्री गाडी चालवताना आतला उजेड पुढच्या काचेत दिसतो आणि रस्ता दिसत नाही. बाहेर रंगीत किंवा लुकलुकणारे दिवे तर नाहीतच. गाडीच्या पुढच्या बाजूला लाल दिवा दिसला तर समोरच्याला वाटेल ती गाडी पाठमोरी चाललीय. म्हणून मागे लाल आणि पुढे पांढरा-पिवळा हा कायदा आहे.

बाका-योके नव्हे, पोका-योके

सगळं झाल्यावर दोस्त हळूच म्हणाला, “पप्पा, मी मूर्खपणा केला ना?”

पप्पा चाकणला गाड्या जोडण्याच्या लाइनवर काम करतात. ते म्हणाले, “आमच्या लाइनवर तो शब्दच वापरत नाहीत. तिथे पोका-योके असतं.”

तुमच्या घरी कुणी कारखान्यात असेल तर त्यांना हा शब्द विचारा. हमखास ओळखतील. पोका-योके म्हणजे चूक होऊच नये अशी रचना. गाडीतले कनेक्टर बघा. एकाला खाच डावीकडे, दुसऱ्याला उजवीकडे. उलटा बसवायला जा, बसतच नाही. गाडीच्या बॅटरीचा प्लसचा खांब मायनसपेक्षा जाड असतो, तोही याचसाठी.

हा विचार मांडणारे जपानी अभियंते शिगेओ शिंगो. १९६० च्या दशकात त्यांनी आधी नाव ठेवलं होतं ‘बाका-योके’. बाका म्हणजे मूर्ख. मूर्खालाही चुकता येणार नाही अशी युक्ती! पण एका कारखान्यात हे ऐकून एक कामगार मुलगी रडू लागली. मी काय मूर्ख आहे? शिंगोंना ते लागलं. चुका तर सगळ्यांच्याच हातून होतात. त्यांनी नाव बदलून ‘पोका-योके’ केलं. पोका म्हणजे नकळत झालेली चूक.

“तुझ्या पट्टीला पोका-योके नव्हतं,” पप्पा म्हणाले. “म्हणून ते काम तुझ्या त्या स्केचपेननं करायचं. जोडण्याआधी तपासायचं. आणि पुढच्या वेळी मला उठवायचं.”

खंडेनवमीला सकाळी गाडीला झेंडूची माळ घातली, नारळ फोडला, आणि सीटखाली निळा उजेड पडला. पूजेच्या ताटात पाने-पक्कडीशेजारी एक जुनं स्केचपेनही होतं. त्यालाही हळद-कुंकू लागलं!

घरी करून पाहा

एक बटाटा मधोमध कापा. तांब्याच्या दोन तारांची टोकं सोलून कापलेल्या बाजूत दोन सेंटिमीटर अंतरावर खोचा. दुसरी टोकं ९ व्होल्टच्या बॅटरीला जोडा आणि थोडा वेळ थांबा. एका तारेभोवती हिरवट डाग पडेल. ती प्लसची तार! तिथलं थोडं तांबं विरघळून बटाट्यात उतरतं, त्याचा तो रंग. ना एलईडी, ना मीटर, बटाटाच तपासनीस! फक्त तो बटाटा नंतर भाजीत टाकू नका.

आणि हे गणित सोडवून ठेवा : पट्टीला ०.२ अँपिअर लागतात. गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची आहे. मामा दिवे बंद करायला विसरले आणि गावाला गेले. बॅटरी किती दिवसांत पूर्ण रिकामी होईल? उत्तर पुढच्या अंकात. तोपर्यंत मामांना गाडीचे दिवे तपासायला सांगा!